बंदीचा माल कोणाच्या हाती?

मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला मोठा प्रयोग करणारे मंत्री पेशाने डॉक्टर होते, ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. डॉ. मंचरशा गिल्डर हे हृदयरोगतज्ज्ञ, गांधीजींच्या प्रकृतीची देखभाल करणाऱ्या चिकित्सकांपैकी एक, आणि बाळासाहेब खेरांच्या पहिल्या मंत्रिमंडळात आरोग्य व अबकारी अशा दोन्ही खात्यांचे मंत्री. रुग्णालयांची कागदपत्रे आणि गुत्त्यांचे लिलाव एकाच टेबलावर येत असत. १ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी मुंबईत दारूबंदी लागू केली. त्याच वर्षी महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्य कोरडे झाले. त्या वेळी धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हणजे आपले हुबळी-धारवाडही त्या कायद्याखाली आले.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला व्यसनाधीनतेवर लिहिण्याची सूचना केली. व्यसनाच्या वैद्यकीय अंगावर आपल्यातील मनोविकारतज्ज्ञ माझ्याहून अधिकाराने लिहू शकतील. मी कोप्पीकर रोडवर चाळीसहून अधिक वर्षे सामान्य वैद्यकव्यवसाय करणारा माणूस. मला या विषयाच्या एका वेगळ्या बाजूने फार काळ छळले आहे. एखाद्या मादक पदार्थावर बंदी घातली की त्याचा व्यापार थांबतो, की केवळ व्यापारी बदलतो? आणि बदललेला व्यापारी जर सुरा बाळगणारा असेल, तर त्या सुऱ्याच्या जखमेचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडायचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शिकागोपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या स्टेशनातून पश्चिमेला जाणारी गाडी लोंढ्यावरून कॅसलरॉकला पोहोचते. १९५० साली कॅसलरॉक ही हद्द होती. त्यापलीकडे, घाट उतरून कुळ्याला, पोर्तुगीजांचा जकातनाका. घाटाच्या वर थेंबभर दारू बाळगणे हा गुन्हा, आणि घाटाच्या खाली काजूची फेणी, उर्राक आणि युरोपातून आलेली उंची मद्ये उघड विक्रीला. कायद्याने यापेक्षा सोयीची बाजारपेठ तस्करासाठी मुद्दाम आखून दिली असती तरी ती इतकी नेटकी झाली नसती! १९५५ मध्ये गोव्याच्या आर्थिक नाकेबंदीत रेल्वेवाहतूक बंद पडली, पण सह्याद्रीतील पायवाटांना कोण फाटक लावणार?

माझे वडीलही डॉक्टर होते. त्यांचा दवाखाना दाजीबान पेठेच्या बाजूला होता. ते सांगत की दारूबंदीच्या काळात दोन प्रकारचे रुग्ण नव्याने येऊ लागले. पहिला प्रकार 'टिंक्चर'वाल्यांचा. पोटदुखीची तक्रार सांगून टिंक्चर जिंजरची चिठ्ठी मागणारे हे सभ्य गृहस्थ. औषधातील अल्कोहोलचा प्रश्न तेव्हा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. फ्राम बलसारा यांच्या खटल्यात १९५१ मध्ये न्यायालयाने कायदा एकंदरीत वैध ठरविला, परंतु अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदी मात्र रद्द केली. ज्यांना मद्याची जुनी सवय आहे आणि ते बंद केल्यास प्रकृतीस अपाय होईल, अशांसाठी कायद्याच्या ४० व्या कलमाखाली परवान्याचीही सोय होती. या दोन्ही वाटांवर डॉक्टर उभा होता. अमेरिकेतही १९२० ते १९३३ या काळात डॉक्टर सरकारी छापील चिठ्ठीवर व्हिस्की लिहून देत. बंदीच्या कायद्यातील पळवाट नेहमी आपल्या दवाखान्यातून जाते, हे वडिलांचे निरीक्षण मला पुढे फार उपयोगी पडले.

दुसरा प्रकार रात्री उशिरा येणाऱ्यांचा. दंडावर, पाठीवर, कधी मांडीवर धारदार शस्त्राची जखम, आणि कारण विचारले की 'सायकलवरून पडलो' हे ठरलेले उत्तर. वडिलांना कळत असे की ही घाटावरून येणाऱ्या मालाची भांडणे आहेत. मात्र त्यांच्या लक्षात आलेली खरी गोष्ट अशी की या लोकांपैकी बहुतेकजण मुळात भांडखोर नव्हते. कोप्पीकर रोडवरच्या कापडव्यापाऱ्याचे पैसे कोणी बुडविले तर तो वकिलाकडे जातो, नोटीस पाठवितो, फिर्याद लावतो, दहा वर्षे तारखा घेतो आणि अखेर तडजोड करतो. फेणीचे पिंप वाटेत कोणी लांबविले तर त्याची फिर्याद कोणत्या मुन्सफाकडे करायची? ज्या धंद्याला न्यायालय नाही, पावती नाही, विमा नाही, त्या धंद्यात करार पाळायला लावण्याचे एकच साधन उरते. आणि ते साधन वापरण्यास जो सर्वांत कमी कचरतो, तोच कालांतराने त्या धंद्याचा मालक होतो. बंदी आणि हिंसा यांचा सांधा मला इथे दिसतो. पिणाऱ्याच्या नशेचा त्यात वाटा आहे, परंतु विकणाऱ्याच्या निरुपायाचा वाटा अधिक मोठा आहे.

हीच गोष्ट मुंबईत शतपटीने घडली. धारावी, माटुंगा, अँटॉप हिल या भागांतील हातभट्ट्यांवर वरदराजन मुदलियार याचे साम्राज्य उभे राहिले. व्हिक्टोरिया टर्मिनस स्थानकावर हमाली करणारा हा माणूस दारूच्या पैशावर एका वस्तीचा न्यायाधीश बनला. १९८० च्या दशकात पोलीस उपायुक्त य. चं. पवार यांनी त्याचे जाळे तोडले, तो मद्रासला गेला आणि १९८८ मध्ये वारला. त्याच्या कथेत एक अडचण आहे, आणि बंदीच्या विरोधात बोलणारे ती सहसा सांगत नाहीत. महाराष्ट्राने १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातच दारूबंदी सैल केली होती. (परवान्याची अट कागदोपत्री पुढेही राहिली, हा भाग निराळा, परवाना न काढता पिणारा मुंबईकर कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच, आणि ते त्याच्या गावीही नसते.) वरदराजनची भरभराट मात्र सत्तरीच्या दशकातली. कारण कायदेशीर दारू महाग होती आणि गिरणीकामगाराला, हमालाला ती परवडत नव्हती. म्हणजे चोरधंद्याला पूर्ण बंदीच लागते असे नाही. कराचे ओझे गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले तरी तेवढ्यावर त्याचे भागते. आजही अनमोडच्या नाक्यावर गोव्याची दारू पकडली जाते, ती बंदीमुळे नव्हे, करातील तफावतीमुळे.

सोन्याचेही तेच झाले. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या काळात मुंबईच्या टोळ्यांची तिजोरी सोन्याच्या बिस्किटांनी भरली. १९९० मध्ये तो कायदा गेला, पाठोपाठ आयात खुली झाली आणि सोन्याच्या तस्करीतील नफा आटला. टोळ्या मात्र आटल्या नाहीत. त्या खंडणीकडे, जमिनीकडे आणि अमली पदार्थांकडे अधिक वळल्या. बंदी उठविली की टोळीचा एक झरा बंद होतो, पण एव्हाना पोसलेले शरीर दुसरे अन्न शोधते. म्हणून 'बंदी उठवा, गुन्हेगारी संपेल' हे सोपे सूत्र मला पटत नाही.

आपल्या कर्नाटकाकडे वळू. राज्यपुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण म्हैसूर राज्यात गेलो, तरी दारूबंदी पुढे दहा-अकरा वर्षे टिकली आणि १९६७ च्या सुमारास उठली. त्यानंतर गावोगावी सारायीची अधिकृत दुकाने आली, पुढे सारायीची प्लास्टिकची पाकिटे आली. नव्या पिढीला आठवत नसेल, पण संध्याकाळी बाजार उठल्यावर दुर्गद बैलाच्या परिसरात ती रिकामी पाकिटे पायाखाली येत असत. १ जुलै २००७ पासून राज्य सरकारने सारायीवर बंदी घातली. या मागणीसाठी ग्रामीण स्त्रियांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली होती, आणि त्यांचे दुःख खरे होते. नवऱ्याची मजुरी पाकिटात संपलेली, आणि बायको पोराच्या तापासाठी माझ्यासमोर पदराची गाठ सोडते आहे, हे दृश्य मी असंख्य वेळा पाहिले आहे. या बंदीला माझा विरोध करवला नसता.

परंतु दहा महिन्यांनी, मे २००८ मध्ये, बेंगळुरू, कोलार आणि सीमेपलीकडील तमिळनाडूच्या भागात विषारी दारूने दीडशेहून अधिक माणसे दगावली. बहुतेक सर्व मजूर. स्वस्त सारायी गेली आणि तिच्या जागी कळ्ळभट्टीवाल्याने मेथॅनॉल विकले. मेथॅनॉलचे रोगविज्ञान आपणां सर्वांना पाठ आहे. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, रक्ताची आम्लता वाढते, दृष्टिनाडी जळते आणि रुग्ण 'डोळ्यांपुढे धुके आले' म्हणत येतो. त्यावरचा सर्वांत सहज मिळणारा उतारा म्हणजे एथॅनॉल, म्हणजे ज्याच्यावर बंदी आहे तेच! यातला उपरोध मी कोणाही कायदेपंडितास समजावून सांगू शकलेलो नाही.

तरीही इथेही पारडे एकाच बाजूला झुकवू नये. जुलै १९८१ मध्ये बेंगळुरूत तीनशेहून अधिक माणसे विषारी दारूने मेली, तेव्हा सारायी कायदेशीर होती. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक मेली, तेव्हाही दारूबंदी नव्हती. गरिबाला परवडेल असा तपासलेला माल बाजारात नसला की ही पोकळी निर्माण होते, मग तो बंदीमुळे नसो वा भावामुळे.

आपल्याच व्यवसायातील एका थोर व्यक्तीचे मत या बाबतीत माझ्या मताहून वेगळे आहे, आणि त्याचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली, ती लोकांच्या चळवळीतून. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग त्या चळवळीत होते. पुढे २०१६ पासून 'मुक्तिपथ' या कार्यक्रमाने गावागावांत व्यसनमुक्तीचे काम उभे केले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी आली, आणि मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठविली. अवैध दारू व गुन्हेगारी वाढली, हे कारण देण्यात आले. डॉ. बंग यांनी या निर्णयाला विरोध केला. अंमलबजावणी फसली म्हणून कायदाच मोडीत काढणे त्यांना मान्य नव्हते.

मी दोन्ही जिल्ह्यांकडे पुनःपुन्हा पाहिले. कायदा एक, राज्य एक, जंगलही लागून. गडचिरोलीत बंदीमागे गावसभा होत्या, स्त्रियांचे गट होते, उपचार होते. चंद्रपूर हा कोळसाखाणींचा, कारखान्यांचा, हातात रोख पगार असलेल्या मोठ्या मजूरवस्तीचा जिल्हा. शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातून माल येण्यास रस्ते मोकळे. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीडजवळ दारूतस्करांची गाडी अडवू पाहणारे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना त्या गाडीखाली चिरडण्यात आले. बाटलीपायी एका अधिकाऱ्याचा असा जीव जाणे, यालाच मी बंदीच्या खर्चाची नोंद म्हणतो. डॉ. बंग ज्या घटलेल्या दारूचा हिशेब मांडतात तो खरा आहे, आणि ही नोंदही खरी आहे. दोन्ही एकाच वहीत लिहायला हव्यात, एवढाच माझा आग्रह.

दारूबद्दल असे दोन्ही बाजूंनी बोलता येते, कारण तिच्याबद्दल आपला समाज अजून बोलतो. अमली पदार्थांबद्दल बोलणे मात्र थांबले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत गर्द आली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, ते या गर्दच्या लाटेत सापडलेल्या तरुणांसाठी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. त्याआधी वर्षभर, नोव्हेंबर १९८५ मध्ये, केंद्राचा एनडीपीएस कायदा लागू झाला होता. जामीन दुर्मिळ, शिक्षा दहा वर्षांपासून पुढे. एका बाजूला तुरुंग वाढले आणि दुसऱ्या बाजूला खाट घालून बसलेले एक डॉक्टर दांपत्य.

या कायद्याने टोळ्यांना किती वेसण घातली हे पोलीस सांगतील. आपल्या रुग्णांना काय झाले ते मी सांगू शकतो. परवान्यांच्या धास्तीने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि १९८५ नंतरच्या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. नीमच-मंदसौरच्या शेतांत कायदेशीर अफू पिकविणारा हा देश, आणि त्याच देशातला कर्करोगाचा रुग्ण वेदनेने तळमळत मेला. १९९३ साली माझ्या एका रुग्णाच्या मुलाने मला विचारले होते, "डॉक्टरसाहेब, गल्लीत गर्द मिळते, मग बाबांना मॉर्फिन का मिळत नाही?" २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना आवश्यक वेदनाशामकांसाठी वाट मोकळी केली. ती वाट मात्र आपल्यातील फार थोडे जण चालतात.

मॅन्ड्रॅक्सची गोष्ट माझ्या पिढीला आठवेल. झोपेची ही गोळी एके काळी आपण प्रिस्क्रिप्शनवर लिहीत होतो. कंपनीचे प्रतिनिधी नमुने ठेवून जात. दुरुपयोग वाढला, औषध बाजारातून गेले, आणि तीच गोळी मुंबईच्या टोळ्यांचा दक्षिण आफ्रिकेकडे जाणारा मोठा माल बनली. २०१६ मध्ये राजस्थानात उदयपूरजवळ महसूल गुप्तचर संचालनालयाने २३ टनांहून अधिक मॅन्ड्रॅक्स पकडले. रेणू तोच, फक्त हात बदलला. औषध मागे घेणे चूक होते असे मी म्हणत नाही. पण ते आपल्या कपाटातून गेले म्हणजे जगातून गेले, ही समजूत भाबडी होती.

मेफेड्रोनचेही तसेच. फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते एनडीपीएसच्या यादीत नव्हते आणि मुंबईतली मुले ते 'म्याव म्याव' म्हणून स्वस्तात घेत. यादीत येणे आवश्यकच होते. मात्र त्यानंतर त्याचे उत्पादन औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांच्या आडोशाला गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे शेकडो किलो माल पकडला, आणि तपासाचा धागा सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आला. कुपवाड हुबळीहून काही तासांच्या रस्त्यावर आहे.

ज्या पोर्तुगालच्या गोव्यातून आपल्याकडे फेणी येत असे, त्याच पोर्तुगालने जुलै २००१ पासून वैयक्तिक वापरापुरते अमली पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्हा ठेवले नाही. विक्री गुन्हाच राहिली. वापरणाऱ्याला मात्र न्यायाधीशासमोर नव्हे, तर समुपदेशक-वैद्यकांच्या समितीसमोर उभे करू लागले. स्वित्झर्लंडने १९९४ पासून, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉईन देण्याचा प्रयोग केला. तेथे रुग्ण रोज ठरल्या वेळी दवाखान्यात येतो, आणि त्यामुळे त्याला चोरीही करावी लागत नाही. हे प्रयोग आपल्याकडे जसेच्या तसे आणावेत असे मी सुचवीत नाही. परंतु आपल्या एनडीपीएस कायद्यातही ६४-अ कलम आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसास अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारे हे कलम किती रुग्णांना आपण सांगतो? एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अफूवर्गीय पदार्थ वापरणाऱ्यांची संख्या सुमारे सव्वादोन कोटी निघाली. इतक्यांना तुरुंगात जागा नाही आणि आपल्या दवाखान्यात त्यांना यायचे धैर्य नाही. मग ते जातात कोणाकडे, हे सांगायला नको.

माझ्या दवाखान्यातील एक अलीकडचे निरीक्षण नोंदवितो. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएसखाली आले. त्यानंतर पाठदुखी सांगत ट्रामाडॉल मागणारे तरुण कमी झाले, आणि पाठदुखी सांगत टॅपेन्टाडॉल मागणारे वाढले. पाठ तीच, चेहरेही काही तेच. मी चिठ्ठी नाकारली की 'बरे साहेब' म्हणून ते निघून जातात, आणि कोठेतरी ती गोळी मिळते हे त्यांच्या पुढच्या भेटीतल्या बाहुल्यांवरून कळते. नुसता नकार देऊन मी माझी वही स्वच्छ ठेवतो आणि रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवितो. गेल्या वर्षभरापासून मी नकाराबरोबर त्याला खुर्चीवर बसवितो, पंधरा मिनिटे बोलतो, आणि धारवाडच्या डिमहान्समध्ये जाण्यासाठी चिठ्ठी लिहून देतो. तेराजणांना अशी चिठ्ठी दिली. पाच गेले. दोघांचे उपचार चालू आहेत.

मंडळाच्या पुढील मासिक सभेत हा विषय घ्यावा अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. प्रत्येक सभासदाने आपल्याकडे गोळ्या किंवा खोकल्याचे औषध मागत येणाऱ्या अशा रुग्णांची नाव न लिहिता, केवळ वय आणि मागितलेले औषध अशी नोंद ठेवावी, आणि आपल्या ओळखीच्या औषधविक्रेत्यांनाही सभेला बोलवावे. मी माझी तेराजणांची वही घेऊन येईन.